शास्त्र रोज ऐकताय पण विश्वास तिथंच अडकलाय? ऐकायचं कसं, टप्प्याटप्प्याने

"रोज ऑडिओ बायबल लावतो पण आत काहीच होत नाही" असं म्हणणारे खूप जण भेटतात, आणि थोडं खोदून विचारलं की बहुतेक वेळा तेच निघतं, ऑडिओ चालू असतो आणि माणूस मेसेजला उत्तर देत असतो, आवराआवर करत असतो नाहीतर झोपेच्या वाटेवर असतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की विश्वास ऐकण्याने होतो, ते धरून लोक समजतात की आवाज कानावर पडला म्हणजे काम झालं. पण त्याच्या एक वचन आधी, १०:१६ मध्ये, तोच पौल म्हणतोय की सुवार्ता सगळ्यांनीच काही मानली नाही. इब्री लोकांस पत्र ४:२ तर अजून स्पष्ट आहे, लोकांनी वचन ऐकलं पण त्याला विश्वासाची जोड मिळाली नाही म्हणून ते त्यांच्या उपयोगाला आलं नाही.

तेव्हा आधीच सांगतो, खालच्या सगळ्या टप्प्यांचा रोख एकच आहे: थोडं ऐका, तेच परत ऐका, आणि ऐकलेल्याला काहीतरी उत्तर द्या. किती अध्याय झाले हा हिशोब बाजूला ठेवा. रोजच्या एका बैठकीला साधारण अर्धा तास लागेल, टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका, कारण बहुतेक घोळ क्रम चुकल्यानेच होतो.

टप्पा १: काय ऐकायचं ते आधी ठरवा

ऐकायला बसल्यावर "आज काय लावू" असं करायचं नाही. त्यात पाच-दहा मिनिटं जातात आणि शेवटी ओळखीचं, आवडीचं स्तोत्रच लागतं.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून (येशूच्या जीवनाची गोष्ट सांगणारं पुस्तक) करा. १६ अध्याय आहेत, चार शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, आणि साध्या वेगाने ऐकलं तर दीड-दोन तासांत पूर्ण होतं. गोष्ट भराभर पुढे सरकते त्यामुळे कानाला धरून ठेवते. एवढा वेळ सलग बसणं जमणार नसेल तर फिलिप्पैकरांस पत्र घ्या, ४ अध्याय, पंधरा-वीस मिनिटांत होतं. किंवा योना, तोही ४च अध्यायांचा आणि आणखी छोटा.

नव्याने सुरू करणारे हमखास बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून लावतात. उत्पत्ती मजेत जातं, निर्गमचा अर्धा भागही जातो, मग निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापं सुरू होतात, त्याच्यामागून लेवीय येतं आणि तिथं गाडी थांबते ती थांबतेच. ती पुस्तकं कमी महत्त्वाची आहेत असं अजिबात नाही, पण कानाला सवय नसताना बलिदानांचे नियम नुसते ऐकून समजणं अवघड आहे, ते नंतर.

⚠️ "आजचं वचन" टाईपच्या एकेका वचनावर राहू नका. फिलिप्पै ४:१३ घ्या, जो मला सामर्थ्य देतो त्याच्या जोरावर मी सगळं करू शकतो हे वचन परीक्षा, मॅच, प्रमोशन सगळीकडे लावलं जातं. आता ११व्या वचनापासून ऐका. पौल सांगतोय की भरल्या पोटी कसं राहायचं आणि उपाशी कसं राहायचं हे दोन्ही मी शिकलोय, आणि हे लिहिताना माणूस बंधनात आहे. यिर्मया २९:११ चंही तेच, भविष्य आणि आशा देण्याचं ते वचन सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या एक वचन आधी बाबेलच्या बंदिवासात ७० वर्षं काढायची आहेत असं आलंय ते कोणी ऐकवत नाही. तुकड्यावर उभा राहिलेला विश्वास पहिल्याच अडचणीत हलतो, मग माणसाला वाटतं देवाने शब्द पाळला नाही.

टप्पा २: वेळ, जागा आणि आवाज

मोबाईलवर ऐकणार असाल तर नोटिफिकेशन बंद, मोबाईल उलटा ठेवा, भाग आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा म्हणजे मधेच नेटसाठी थांबायला नको. दिवसातली ती वेळ निवडा जेव्हा तुम्ही जागे असता (हे वेगळं सांगावं लागतं कारण बहुतेक जण रात्री अंथरुणात टायमर लावून ऐकतात आणि तिसऱ्या मिनिटाला गेलेले असतात).

स्पीड नॉर्मल ठेवा. दीडपट-दुप्पट वेगाने माहितीचे व्हिडिओ बघायची सवय झालीये सगळ्यांना, पण दाखल्यात किंवा स्तोत्रात दोन ओळींमधली जी शांतता असते तीच दुप्पट वेगात सगळ्यात आधी उडते.

आवाज निवडताना दोन प्रकार मिळतील. एकात एकच जण सरळ वाचतो, दुसऱ्यात वेगवेगळे आवाज, संगीत, गर्दीचा, वादळाचा आवाज असं नाटकासारखं असतं. नाटकासारखं ऐकायला छान वाटतं, पण मी म्हणेन शिकायला साधं वाचन घ्या. संगीत चढलं की डोळे भरून येतात, आणि ते वचनामुळे आले की व्हायोलिनमुळे हे आपलं आपल्यालाच कळत नाही. शिवाय येशूचं एखादं वाक्य वाचणारा रागाने वाचतो की दुःखाने, यावर आपण अर्थ लावतो, आणि तो सूर शास्त्रात लिहिलेला नसतो, त्या कलाकाराने ठरवलेला असतो.

ऑडिओ नसेल तर स्वतः मोठ्याने वाचा, तेही ऐकणंच आहे. प्रेषितांची कृत्ये ८ मधला इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया मोठ्याने वाचत होता म्हणून तर फिलिप्पाला ते ऐकू गेलं. आणि ज्याला कानाने ऐकू येत नाही त्याने हा लेख आपल्यासाठी नाही असं समजू नये, खुणांच्या भाषेत कोणी वचन सांगितलं तरी पुढचे सगळे टप्पे जसेच्या तसे लागू होतात.

✅ चेक: बसायच्या आधी या तीन गोष्टी ठरल्यात का? पुस्तक आणि अध्याय, वेळ, कोणता अनुवाद. अनुवाद एकच ठेवा, निदान एक पुस्तक पूर्ण होईपर्यंत. रोज बदलला तर कानाला शब्द ओळखीचे होतच नाहीत.

टप्पा ३: ऐकण्याआधी एक वाक्य

लांब प्रार्थना नको. १ शमुवेल ३ मध्ये एली याजकाने लहान शमुवेलला जे शिकवलं तेवढं पुरे आहे: बोल, तुझा दास ऐकत आहे. ते म्हणा, अर्धा मिनिट गप्प बसा, आणि डोक्यात जी कामं घुटमळतायत ती कागदावर लिहून कागद लांब ठेवा. हा टप्पा छोटा आहे म्हणून लोक गाळतात, आणि मग अख्खा अध्याय संपेपर्यंत डोक्यात विजेचं बिल भरायचं राहिलंय हेच चालू असतं.

टप्पा ४: पहिल्यांदा ऐका, मधे न थांबता

पहिल्या ऐकण्यात पॉज नाही, नोट्स नाहीत, पुस्तकही बंद. डोळे मिटा किंवा समोर बघा. एखादं नाव कळलं नाही, एखादं वाक्य सुटलं, सुटू दे. आत्ता फक्त पूर्ण भाग एका दमात आत जाऊ द्यायचाय.

एवढा हट्ट कशासाठी, तर काही गोष्टी सलग ऐकल्याशिवाय दिसतच नाहीत. मार्कच्या ८व्या अध्यायात बेथसैद्यातला एक आंधळा आहे, येशूने हात लावल्यावर त्याला आधी अर्धवट दिसतं, माणसं झाडांसारखी चालताना दिसतात, आणि दुसऱ्यांदा हात लावल्यावर स्पष्ट दिसतं. एकटीच गोष्ट ऐकली तर प्रश्न पडतो की पहिल्याच खेपेला का नाही बरं केलं. आता पुढे ऐकत राहा. लगेच पेत्र म्हणतो तू ख्रिस्त आहेस, आणि येशू आपल्या दुःखाबद्दल बोलायला लागल्याबरोबर तोच पेत्र त्याला अडवतो. म्हणजे पेत्रालाही अर्धवटच दिसतंय की! पुढे ९व्या आणि १०व्या अध्यायात येशू पुन्हा दोनदा आपल्या मरणाबद्दल सांगतो आणि शिष्य एकदा "आपल्यात मोठा कोण" यावर वाद घालतात, एकदा याकोब आणि योहान शेजारची आसनं मागतात. आणि १०व्या अध्यायाच्या शेवटी दुसरा आंधळा येतो, बार्तीमय, त्याला दृष्टी मिळते आणि तो येशूच्या मागे चालायला लागतो. ही सगळी साखळी ८:२२ पासून १०:५२ पर्यंत आहे, एका बैठकीत ऐकता येते, आणि एकदा कानाला लागली की शिष्यांच्या जागी आपण दिसायला लागतो. रोज पाच-सहा वचनं तोडून ऐकणाऱ्याच्या हाती हे कधीच लागत नाही.

म्हणून मार्क घेतलंत तर आधी सुट्टीच्या दिवशी पूर्ण ऐका, नाहीतर दोन बैठका करा, ८:२१ ला थांबा आणि दुसऱ्या दिवशी ८:२२ पासून. त्यानंतरच रोजच्या छोट्या भागांकडे वळा, एका वेळी अर्धा-एक अध्याय, त्याहून जास्त नको.

⚠️ ओळखीचा भाग असला की आपण ऐकणं बंद करतो आणि आठवायला लागतो. पेरणाऱ्याचा दाखला सुरू झाला की "हां, चार जमिनी, माहितीये". असं होतंय वाटलं तर दुसऱ्या शुभवर्तमानातला तोच भाग लावा, मत्तय १३ ऐवजी लूक ८, बारीक फरक जाणवले की कान आपोआप टवकारतात.

टप्पा ५: तोंडाने परत सांगा

ऑडिओ बंद, पुस्तक अजून बंदच. आता जे ऐकलं ते आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा, घरात कोणी असेल तर त्याला, नसेल तर भिंतीला, मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. मनात नाही, तोंडाने. मनात सगळं आठवतंय असंच वाटतं, बोलायला लागल्यावर कळतं की मधला अख्खा प्रसंग गायब आहे.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा याच टप्प्याचा आहे आणि सगळ्यात जास्त लोक हाच सोडतात, कारण लाज वाटते, विचित्र वाटतं, आणि आपलं ऐकणं किती कच्चं आहे ते दिसतं. लूक १५ ऐकून सांगून बघा. बहुतेक जण धाकट्या मुलाची गोष्ट सांगतात, बाप धावत येतो, मेजवानी होते, संपलं. मोठा भाऊ बाहेर उभा आहे, आत यायला तयार नाही, बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, हा भाग गळतो. आणि अध्यायाच्या सुरुवातीची दोन वचनं तर जवळपास सगळ्यांचीच गळतात, की परूशी आणि शास्त्री (त्या काळचे यहूदी धर्मपुढारी) कुरकुर करत होते, हा पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून, आणि त्यांच्यासमोर येशूने हे तीन दाखले सांगितले. ती दोन वचनं घातली की मोठ्या भावाचा भाग कोणाला उद्देशून आहे ते लख्ख कळतं, आणि वर्षानुवर्षं मंडळीत असलेल्या माणसाला जरा टोचतंही.

टप्पा ६: दुसऱ्यांदा ऐका, आता पुस्तक उघडून

तोच भाग परत लावा, आता डोळ्यासमोर पान हवं. दोन गोष्टी बघा: मी सांगताना काय गाळलं आणि काय आपल्या पदरचं घातलं. गाळलेलं समजण्यासारखं आहे, पण घातलेलं जास्त बोलकं असतं. बाळ येशूला भेटायला आलेल्या मागींची (पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची) संख्या तीन होती असं मत्तय कुठेच म्हणत नाही, भेटी तीन होत्या. असं किती काय आपण नाताळच्या नाटकांतून उचलून शास्त्राच्या नावावर खपवलेलं असतं.

मग एका वहीत पेन्सिलने तीन प्रश्नांची उत्तरं, एकेका ओळीत:

१. हे कोण कोणाला बोलतंय, आणि का?
२. यात देव किंवा येशू कसा दिसतो, काय करतो?
३. यात मला न पटणारं किंवा न कळणारं काय आहे?

"मला यातून काय मिळालं" हा प्रश्न यात मुद्दाम ठेवलेला नाही, तो पुढच्या टप्प्यात आहे. आधीच विचारला तर प्रत्येक भाग आपल्याबद्दलच बोलायला लागतो, दाविद आणि गल्याथाच्या गोष्टीत आपण लगेच दाविद होतो आणि ऑफिसातला साहेब गल्याथ, भीतीने थरथरत उभ्या असलेल्या इस्राएली सैन्यात कोणी स्वतःला उभं करत नाही. तिसरा प्रश्न टाळू नका. न कळलेलं लिहून ठेवा आणि पाळकांना किंवा जाणत्या विश्वासणाऱ्याला विचारा. बिरुयाचे लोक (प्रेषितांची कृत्ये १७:११) पौलाचं मोठ्या उत्सुकतेने ऐकत होते आणि तरी रोज शास्त्रात तपासूनही बघत होते, आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांचं कौतुकच करतो.

⚠️ संदेश म्हणजे शास्त्र नाही. रोज दोन-दोन तास यूट्यूबवर उपदेश ऐकणारे आहेत ज्यांनी एकही शुभवर्तमान सलग ऐकलेलं नाही. उपदेश ऐका ना, जरूर ऐका, पण ज्या भागावर उपदेश आहे तो भाग आधी स्वतः ऐकून, नाहीतर तपासणार कशाशी?

टप्पा ७: ऐकलेल्याला उत्तर द्या

आता प्रार्थना, आणि ती याच भागातून निघाली पाहिजे. नेहमीची यादी (तब्येत, नोकरी, मुलांचा अभ्यास) नंतर करा. आज ऐकलेल्यातलं एखादं वाक्य उचला आणि ते देवाला परत बोला. आभार मानण्यासारखं असेल तर आभार, कबूल करण्यासारखं असेल तर कबुली, पटलं नसेल तर तेही सांगा. मार्क ९:२४ मधला तो बाप, ज्याच्या मुलाला शिष्य बरं करू शकले नव्हते, तो म्हणतो माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. शंका असताना यापेक्षा खरी प्रार्थना मला तरी माहीत नाही. स्तोत्र ऐकलं असेल तर काम सोपं, बरीच स्तोत्रं आधीच प्रार्थनेच्या रूपात असतात, जिथं नसेल तिथं फक्त "तो" च्या जागी "तू" म्हणायचं.

इथंच एक मोठी गडबड होते. ऐकताना मनात एखादा विचार जोरात येतो आणि माणूस सांगत सुटतो की देव मला असं म्हणाला. जरा थांबा. तो विचार त्या भागाच्या अर्थाशी जुळतोय का, बाकीच्या शास्त्राशी जुळतोय का, तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या एखाद्या प्रौढ विश्वासणाऱ्याला पटतोय का हे बघा, मग बोला. लग्न, नोकरी, पैसा यांचे निर्णय असतील तर डबल थांबा.

टप्पा ८: एक गोष्ट करा, आणि उद्याच्या आत

याकोब १:२२ मध्ये वचन नुसतं ऐकणाऱ्यांना सांगितलंय की तुम्ही स्वतःचीच फसवणूक करताय. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी एक कृती लिहा, आणि ती इतकी लहान असू दे की चोवीस तासांत झाली की नाही हे हो किंवा नाही मध्ये सांगता येईल. "मी जास्त क्षमाशील होईन" ही कृती नाही. "संध्याकाळी भावाला फोन करून त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागेन" ही कृती. पुढच्या बैठकीला बसल्यावर आधी कालची ओळ वाचायची, झालं नसेल तर नवा भाग लावायचा नाही, कालचाच परत. हा नियम कडक वाटेल पण याशिवाय वही नुसती भरत जाते.

ऐकायला आवडणं म्हणजे विश्वास असं धरू नका. मार्क ६:२० मध्ये हेरोद राजा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं ऐकायचा, गोंधळून जायचा आणि तरी आनंदाने ऐकायचा. त्याच अध्यायात पाहुण्यांसमोर शब्द जाऊ नये म्हणून त्याने योहानाचं डोकं उडवलं. प्रेषितांची कृत्ये २४ मधला रोमन सुभेदार फेलिक्स पौलाचं ऐकून घाबरलासुद्धा, पण म्हणाला आत्ता जा, सवड मिळाली की बोलावतो. बोलावलंही वरचेवर, पण लाच मिळेल या आशेने.

✅ चेक, महिन्यातून एकदा: लूक ८ मधला पेरणाऱ्याच्या दाखल्यातला जमिनींचा भाग काढा आणि वही बाजूला ठेवा. ऐकलेलं लगेच विसरतोय का? सुरुवातीचा जोर अडचण आल्यावर संपला का? चिंता, पैसा, सुखाच्या मागे लागून दबलं का? चांगल्या जमिनीबद्दल लूक ८:१५ मध्ये लिहिलंय की ते वचन धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. तेव्हा एका महिन्यात फळ दिसलं नाही म्हणून पद्धत बदलू नका, धरून ठेवलंय का एवढंच तपासा.

टप्पा ९: आठवड्यातून एकदा, इतरांबरोबर

नव्या करारातली बरीचशी पत्रं एकट्याने वाचायला लिहिलेलीच नाहीत. १ थेस्सलनीका ५:२७ मध्ये पौल शपथ घालून सांगतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा, कलस्सै ४:१६ मध्ये कलस्सैकरांना लिहिलेलं पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचा म्हणतो. प्रकटीकरण १:३ मध्ये वाचणारा एक आहे आणि ऐकणारे अनेक.

तीन-चार जण पुरेत. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तकं बंद ठेवून ऐकायचं. ज्याची पाळी असेल त्याने घरी दोनदा मोठ्याने वाचून यावं, नावांचे उच्चार बघून यावेत, आणि अभिनय करू नये, सावकाश वाचावं एवढंच. मग टप्पा ५ सगळ्यांनी मिळून करायचा, एकाने सांगायचं, दुसऱ्याने सुटलेलं भरायचं, त्यानंतर तीन प्रश्न. ज्याला सगळ्यात जास्त माहिती आहे त्याने सगळ्यात शेवटी बोलावं, हा नियम पाळला नाही तर दुसऱ्या आठवड्यापासून त्याचं प्रवचन सुरू होतं आणि बाकीचे परत प्रेक्षक.

नहेम्या ८ बघा, एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी अर्थ समजावतात, लोक रडतात, त्यांना सांगितलं जातं की आज रडू नका, दुसऱ्या दिवशी प्रमुख लोक पुन्हा एज्राकडे जमतात, मांडवांच्या सणाबद्दलची आज्ञा त्यांना सापडते आणि मग मांडव उभे राहतात. ऐकणं, समजणं, उत्तर, कृती, क्रम तोच.

अडकलात तर

झोप येते: उभे राहून ऐका, किंवा स्वतः वाचा. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललं तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोपेने तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता (प्रेषितांची कृत्ये २०), तेव्हा यात नवीन काही नाही, फक्त खिडकीत बसू नका.

चार दिवस सुटले: भरून काढायला जाऊ नका. जिथं थांबला होतात तिथून पुढे, एकाच भागाने.

काहीच जाणवत नाही: जाणवणं हा चेक नाही. परत सांगता येतंय का आणि कालची कृती झाली का, हे दोन चेक आहेत. हातातलं पुस्तक संपेपर्यंत चालू ठेवा.

फक्त दोषी वाटतंय: एकट्याने ओढत राहू नका, पाळकांशी किंवा ग्रुपमधल्या एखाद्याशी बोला, आणि पुढचे काही दिवस लूक १५ किंवा स्तोत्र १०३ लावा.

मार्क संपलं की लगेच दुसरं शुभवर्तमान घेऊ नका, मार्कच एकदा सलग परत ऐका, दुसऱ्या खेपेला पहिल्या अध्यायातच पुढच्या गोष्टींच्या खुणा ऐकू यायला लागतात. त्यानंतर फिलिप्पै, मग प्रेषितांची कृत्ये, मग उत्पत्ती. लेवीयपर्यंत पोचाल तेव्हा इब्री लोकांस पत्र आधी ऐकून घ्या.